सोडियम म्हणजे दानशूर कर्ण नव्हे

परवा भाचीला केमिस्ट्री शिकवायला बसलो, धडा रासायनिक बंधाचा, आणि मी आपलं नेहमीचं सुरू केलं की बघ, सोडियमचे 11 इलेक्ट्रॉन, 2, 8, 1 असे, शेवटच्या कक्षेत एकटाच, क्लोरीनचे 17, म्हणजे शेवटी 7, एक कमी पडतोय, मग सोडियम त्याचा एक देऊन टाकतो, दोघांचं भागतं, झालं मीठ. तर ती म्हणते, मामा, पण तो फुकट का देतो?

झाली पंचाईत. आम्हाला शाळेत हेच सांगितलं होतं की अणूला अष्टक, म्हणजे शेवटच्या कक्षेतले 8 इलेक्ट्रॉन, पूर्ण करायची इच्छा असते, आम्ही ते घोकलं, मार्क घेतले, विषय संपला. अणूला कसली डोंबलाची इच्छा! मग आकडे मांडत बसलो. एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं मोठं माप) सोडियमच्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन उपटायला 496 किलोज्यूल लागतात, क्लोरीन तो घेताना परत देतो 349. म्हणजे 147 चा चक्क घाटा. वर सोडियम धातूतून अणू सुटे करायचे 107, क्लोरीन जोडीने फिरतो ती जोडी फोडायचे एकेका अणूच्या वाट्याला 122, ते वेगळेच. नुसती देवघेव बघितली तर मीठ बनायलाच नको.

वसुली होते ती स्फटिकात. सोडियम झाला धन, क्लोरीन ऋण, पण हे दोघंच हातात हात घालून बसत नाहीत, एकेका सोडियमभोवती 6 क्लोराइड (ऋण झालेला क्लोरीन तो हाच), एकेका क्लोराइडभोवती 6 सोडियम, वर, खाली आणि चारी बाजूंना, आणि या सगळ्या ओढाताणीतून 787 सुटतात. खर्च वजा जाता 411 नफा. म्हणजे मिठाच्या खड्यात मिठाचा रेणू असा शोधूनही सापडत नाही, एकास एक हे फक्त प्रमाण.

मग तिला भिंगातून मिठाचे दाणे दाखवले, छोटे छोटे चौकोनी ठोकळे. मोठा खडा ठोकला तर तो चेपला नाही, सपाट फुटला. एक थर जरासा सरकला की धनासमोर धन येतं आणि थर एकमेकांना ढकलून देतात. तांब्याची तार मात्र वाकते, कारण तिथे सुटे इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या सामाईक मालकीचे, थर सरकले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

सहसंयुज बंध दोन मिनिटांत उरकला, हायड्रोजनचे दोन अणू दोन इलेक्ट्रॉन मिळून वापरतात वगैरे. तिचं लक्ष अजून मिठातच. एवढी 787 ची ओढ, मग पाणी ती सोडवतं कसं? म्हटलं, पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन, ते रेणू आयनांना, म्हणजे या धन-ऋण झालेल्या अणूंना, घेरतात आणि जवळजवळ सगळी किंमत चुकती करतात, 4 किलोज्यूल तेवढे कमी पडतात, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं.

"म्हणजे तोट्यातच की! तरी विरघळतं?"

उरलेलं उद्या, म्हणून मी वही मिटली.