३,७८,४६०

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

पिकअप विकायची, हे आज नक्की झालं. यांच्या कमरेचं दुखणं गेल्या दिवाळीपासून वाढत गेलं, आणि डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं की आता लांबचं ड्रायव्हिंग बंद. थोरला पुण्यात नोकरीला, तो काही गाडी चालवायला परत येणार नाही. ड्रायव्हर ठेवून बघितला दोन महिने, पण भाड्याचं गणित बसेना. हे जेवून काही न बोलता उठले, तेव्हाच मी ओळखलं. मग वही काढली.

ही वही माझी. २०१४ च्या दसऱ्याला गाडी सावळजला आमच्या दारात आली, त्या दिवसापासून मी लिहिते आहे. डिझेल किती, भाडं कुठलं, ऑइल कधी बदललं, टायर कधी टाकले, मीटर किती झालं. आता तिसरी वही चालू आहे. आजचं मीटर ३,७८,४६० किलोमीटर. त्यातही २०१७ साली मीटर बंद पडलं होतं, ते तेवीस दिवस मोजलेच गेले नाहीत. भाड्यांवरून धरले तर ते आणखी दोन हजार होतात. म्हणजे अकरा वर्षांत पावणेचार लाखांच्या वर. रोजचे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, सणवार न बघता. डिझेलची बेरीज केली तर एकतीस हजार लिटर निघाली.

द्राक्षाचे क्रेट, बेदाण्याचे बॉक्स तासगावच्या सौद्याला, हळदीची पोती सांगलीच्या मार्केट यार्डात, शेणखत, ऊस, एकदा तर अख्खं लग्नाचं सामान. थोरल्याची फी आणि धाकटीचं नर्सिंग या गाडीवर झालं. म्हणून हिला कमी लेखून विकायची नाही, आणि खोटं सांगूनही विकायची नाही. दोन्ही गोष्टी एकदम जमवायच्या आहेत.

१७ सप्टेंबर

पितृपक्षात गिऱ्हाईक येत नाही म्हणतात. गिऱ्हाईक खरंच येत नाही, पण दलाल येतात. या पंधरवड्यात कोणी नवीन वस्तू घरात आणत नाही, त्यामुळे विकणारा अडलेला असेल तर पडत्या भावात देतो, हे त्यांना बरोबर माहीत असतं. आज एक येऊन गेले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर पाय मारला आणि म्हणाले, "दोन चाळीस."

मी म्हटलं, बॉनेट तरी उघडा. ते म्हणाले, "वैनी, मीटर बघितलं की पुढचं बघायला कोण थांबतंय? तुम्ही एक करा. मीटर दीड लाखावर आणून देतो, दोन-अडीच हजारांत काम होतं. मग बघा, पन्नास हजार वर मिळतील."

मी नाही म्हटलं. हेही आतून म्हणाले, नको. चांगुलपणाचं मोठेपण मिरवायचं म्हणून लिहीत नाही, पण मला त्या क्षणी खरंच राग आला. मीटर दीड लाखावर आणलं तर २०२२ साली २,८६,००० ला इंजिन खोललं, हे मी वहीत लिहिलंय त्याचं काय? अकरा वर्षांच्या तिन्ही वह्या एका दिवसात खोट्या ठरतील. आणि दीड लाखाच्या गाडीचं क्लचचं रबर असं झिजतं का? आमच्या पेडलचं रबर डाव्या कडेने संपून आतलं लोखंड चमकतंय. स्टिअरिंग हाताला साबणासारखं गुळगुळीत लागतं, गिअरच्या मुठीवरचे आकडे कधीच पुसलेत. जाणता माणूस मीटरच्या आधी तेच बघतो.

आज आणखी एक गोष्ट सापडली आणि पोटात गोळा आला. कर्ज २०१८ लाच फिटलंय, पण आरसी बुकावर फायनान्सचा बोजा तसाच! तेव्हा फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी, आणून कपाटात ठेवली आणि आरटीओत जायचं राहूनच गेलं. ती एनओसी आता जुनी झाली, नवी आणायला लागणार. ज्यांनी कर्ज फेडलंय त्यांनी आरसी एकदा काढून बघा. कर्ज फिटणं वेगळं आणि बोजा उतरणं वेगळं. एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जाईपर्यंत गाडी कागदावर फायनान्सवाल्यांकडेच गहाण असते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आणि कालच नव्या मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. टीव्हीवर दिवसभर तेच. दहा लाखांच्या नव्या मालवाहू गाडीमागे पाऊण लाखाच्या आसपास फरक पडतो. नवी घेणाऱ्यांचं भलं झालं, पण जुनी विकणाऱ्याला त्याचा फटका बसतोच. आज फोनवर दोघं तेच बोलले, "काकी, नवीच स्वस्त झाली की."

त्यात यंदा पाऊस मे महिन्यापासून थांबलेला नाही. बागायतदारांच्या हातात पैसा नाही, छाटण्या लांबल्यात. एरवी दसरा ते संक्रांत म्हणजे पिकअपला मागणीच मागणी, हंगामाच्या आधी प्रत्येकाला गाडी हवी असते. यंदा ती ओढ दिसत नाही.

आज रात्री किंमत लिहून काढली, ती अशी. आमच्याच मॉडेलच्या, आमच्याच सालच्या पिकअप या भागात साडेतीन ते चार लाख सांगतात. त्यांचे मीटर सव्वा लाख, दीड लाख असे दिसतात, खरे-खोटे त्यांचं त्यांना माहीत. मी चांगल्या गाडीचे ३,८०,००० धरले. त्यातून मागच्या दोन टायरचे १३,००० वजा, कारण ते फार तर चार महिने चालतील. जानेवारीत पासिंग आहे, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षीचं, म्हणजे पुढच्या मालकाला लगेच १०-१२ हजार काढावे लागणार, ते वजा. दुसरा गिअर सकाळी गार असताना कट्‌ करून पडतो, गिअरबॉक्स कधीतरी खोलावा लागणार, त्याचे १५,०००. हौद्याचा पत्रा फाळक्याजवळ खाल्लाय, तिथे नवा पत्रा मारायचे ८,०००. उरले ३,३२,०००. किलोमीटरसाठी वेगळे काही कमी केले नाहीत, कारण किलोमीटरने जे झिजलं ते वर मोजून झालंय. इंजिनचं सगळं काम ६८ हजार घालून केलंय, पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, सगळी बिलं आहेत. त्यानंतर गाडी ९२ हजार फिरली. त्या इंजिनाला पावणेचार लाख किलोमीटरचं म्हणणं मला पटत नाही.

सांगायचे ३,२५,०००. वहीच्या शेवटच्या पानावर, यांनाही न दाखवता, एक आकडा लिहिला: २,९५,०००. त्याच्या खाली उतरायचं नाही. हे समोरच्याची अडचण ऐकली की लगेच विरघळतात, म्हणून तो आकडा आधीच लिहून ठेवावा लागतो.

२६ सप्टेंबर

आज एकाने ३,१५,००० लावले. रोख, आणि आत्ताच्या आत्ता. हे माझ्याकडे बघायला लागले.

पण म्हणणं काय, तर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या द्यायच्या, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी ठेवायची. सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी. पुढे गाडी ज्याला जाईल त्याच्या नावावर तो करून घेईल. गाडी बहुतेक राज्याबाहेर जाणार, म्हणजे आरटीओची एनओसीही लागणार, तीही "बघू नंतर".

मी खूप विचार केला. शेवटच्या पानावरच्या आकड्यापेक्षा वीस हजार जास्त मिळत होते, आमच्यासाठी तो एक महिना आहे. पण गाडी नावावर राहिली आणि कुठे अपघात झाला तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याने तोच मालक. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली म्हणून भरपाईची जबाबदारी सुटत नाही. विमा संपलेली गाडी कोणी चालवली, कोणाला धडकवली, तर नोटीस सावळजला येणार. शिवाय दोन लाख आणि त्यावरची रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही. मी हात जोडले आणि चहा पाजून पाठवलं. ते गेल्यावर हे म्हणाले, "बरं केलंस." मला रात्रभर झोप आली नाही हेही खरंच.

२८ सप्टेंबर, रविवार

आष्ट्याहून एक मुलगा आणि त्याचे वडील आले. भाजीपाला पुण्याला नेतात, आजवर दुसऱ्याच्या गाडीने न्यायचे. वडिलांनी काल फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ताई, सकाळी गाडी चालू करू नका. आम्ही आल्यावर करू." तेव्हाच मला कळलं की हा माणूस गाडी जाणतो. गार इंजिन पहिल्या चावीला काय बोलतं ते गरम इंजिन लपवून ठेवतं.

आले ते आधी बॉनेटवर पालथा हात ठेवून बघितला, खरंच गार आहे का म्हणून. मग चावी. थोडा काळा धूर आला आणि गेला. ऑइलचं झाकण काढून तोंडाशी तळहात धरला, वाफ किती येते ते बघायला. ऑइलची काडी पुसून, परत घालून, बोटांत चोळली. मग गाडीखाली पोतं टाकून आडवे झाले. चेसिसवरचा नंबर फडक्याने घासला आणि मुलाला म्हणाले, "वाच बुकातला." मुलगा एकेक अक्षर वाचत होता आणि खालून हुंकार येत होता.

शेवटी केबिनमधलं मॅट उचललं, वाकून वास घेतला. सीटच्या पट्ट्यांखाली बोट फिरवून माती बघितली. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "पुरात होती का?"

२०१९ पासून सांगलीत हा प्रश्न प्रत्येक जुन्या गाडीला विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलेलं आम्ही बघितलंय. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन, पुसून, लांब नेऊन विकल्या गेल्या. वायरिंग दोन वर्षांनी बोलायला लागतं. मी वही उघडून दाखवली: ऑगस्ट २०१९, भिलवडीच्या बाजूला जनावरांसाठी ओला चारा, सहा खेपा, भाडं नाही. एका खेपेला पाणी चाकाच्या हबपर्यंत आलं होतं, म्हणून परत आल्यावर चारही चाकांचे बेअरिंग उघडून ग्रीस बदललं, त्याचं बिल. केबिनमध्ये पाणी कधी आलं नाही.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग मी न विचारता दुसऱ्या गिअरचं सांगितलं, हौद्याचा पत्रा दाखवला, बंद पडलेल्या मीटरचे तेवीस दिवसही सांगितले. मुलगा चालवून आला, मागे हे बसले होते. आल्यावर वडील म्हणाले, "दोन ऐंशी."

तासभर गेला. चहा झाला, पोहे झाले. मी तीन दहावर आले, ते दोन नव्वदवर. मग मी टायरचं पान काढलं, पुढचे दोन फेब्रुवारीत टाकलेत ते दाखवलं. त्यांनी मुलाकडे बघितलं. तीन लाख एक हजार. विसार अकरा हजार. माझ्या शेवटच्या पानावरच्या आकड्याच्या वर सहा हजार. यांना ते पान आज दाखवलं.

२ ऑक्टोबर, दसरा

बाकीचे पैसे काल खात्यावर आले. त्याआधी मंगळवारीच आरटीओत बोजा उतरवणं आणि नाव बदलणं, दोन्हीचे अर्ज बरोबरच केले, दोघांच्या सह्या समोरासमोर. ई-चलनं दोन राहिली होती, ती मी भरली. आज सकाळी डिलिव्हरी. कागदावर वेळ टाकली, ११ वाजून ४० मिनिटं. या वेळेआधीचं चलन आमचं, नंतरचं त्यांचं. ही एक ओळ लिहायला कोणी विसरू नये.

यांनी पूजा केली, नारळ फोडला. मागच्या फाळक्यावर "आईची कृपा" लिहिलंय, मुलगा म्हणाला ते तसंच ठेवतो. गाडी वळणावर गेल्यावर हे बराच वेळ दारात उभे होते. मी आत गेले नाही, बरोबर उभी राहिले.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल दुपारी मेसेज आला, गाडी त्याच्या नावावर झाली. ॲपवर जाऊन स्वतः बघितलं, बोजाही उतरलाय. जीव भांड्यात पडला.

रात्री अकरा पाचला फोन वाजला. पुण्याच्या वाटेवरच्या तासवडे टोलचे पैसे माझ्या खात्यातून कापले गेले होते. काचेवरचा फास्टॅग! सगळे कागद केले आणि तो बंद करायचा राहिला. उठून हेल्पलाइनला फोन लावणार होते, पण पडून राहिले. बारा वीसला आनेवाडी. हेही जागेच होते, अंधारात म्हणाले, "बरोबर चाललाय, घाई करत नाही." एक पन्नासला खेड शिवापूर. तेव्हा कुठे दोघांना झोप लागली.

सकाळी त्याला फोन केला. शरमला, लगेच टोलचे पैसे पाठवले, नवा टॅग आजच घेतो म्हणाला. मीही आमचा बंद केला. कोबी आणि ढोबळी भरली होती, मार्केट यार्डात वेळेत पोचला. दुसरा गिअर अजून कट्‌ करतोच म्हणाला. पण भरलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्याआधीचा चढ तिसऱ्यात चढली.