दुधाच्या पिशवीचा कोपरा

परवा दुपारी सिंकची जाळी साफ करायला घेतली. पाणी तुंबलं की ते काम माझं, असा आमच्याकडे जुना करार आहे. जाळीत नेहमीचंच सगळं: भाताची शितं, चहाचा चोथा, कढीपत्त्याची काडी. आणि त्यात गुंतलेले नखाएवढे निळे-पांढरे त्रिकोण. मोजले, आठ निघाले. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे.

दुपारची झोप गेली ती गेलीच.

आमच्याकडे रोज दोन पिशव्या लागतात. म्हणजे वर्षाला सातशे तीस कोपरे. पिशवीचं एक बरं असतं, ती धुऊन रद्दीवाल्याकडे जाते आणि तिथून पुढे तिचं काहीतरी होतं. कोपऱ्याला कुणी वाली नाही. कचरा वेचणारी बाई त्याच्यासाठी कशाला वाकेल? तो खरकट्याबरोबर जातो, नाहीतर मोरीतून गटारात, आणि पुढे कुठे ते त्यालाच ठाऊक.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून पिशवीला नुसती चीर द्यायची, कोपरा तिलाच लटकू द्यायचा, असं ठरवलं. हा सल्ला व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. तो पाठवणाऱ्यांनी स्वतः कधी पिशवीतून दूध ओतलेलं नसावं. लटकता कोपरा धारेच्या आड येतो, धार फाटते, निम्मी पातेल्यात आणि निम्मी ओट्यावर.

“अहो, पृथ्वी वाचवा, पण आधी ओटा पुसा,” आतून आवाज आला. तिने बघितलंही नव्हतं.

मी लहान असताना ही कोपऱ्याची भानगडच नव्हती. गिरगावात आमच्याकडे आरेच्या काचेच्या बाटल्या यायच्या. यायच्या कसल्या, आणाव्या लागायच्या. पहाटे दूधकेंद्रावर रांग, खिशात कार्ड, हातातल्या पिशवीत किणकिणणाऱ्या रिकाम्या बाटल्या. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. बाटलीला चंदेरी पत्र्याचं पातळ झाकण असायचं. अंगठ्याने मधोमध दाबलं की ते हलकेच आत जायचं आणि कडेने सुटायचं. त्याच्या आतल्या बाजूला साय चिकटलेली असे. ती चाटायचा मान रांगेत उभं राहणाऱ्याचा. पहाटे उठण्यामागे माझी तेवढीच प्रेरणा होती. झाकणं धुऊन, नखाने घासून सपाट करून मी डब्यात साठवायचो. गणपतीच्या आराशीत त्यांचे चांद व्हायचे.

एकदा ऐन पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरला आणि दोन्ही बाटल्या फुटल्या. मार बसला असणार, तो आठवत नाही. लाकडी जिन्यावरून एकेक पायरी उतरत गेलेलं दूध तेवढं आठवतं. आणि तळमजल्यावरची मांजर, जिला काचांच्या भीतीने कुणी जवळ फिरकू देत नव्हतं.

पुढे पिशव्या आल्या. आईचा सुरुवातीला त्यांच्यावर विश्वास नव्हता, दुधाला वास येतो म्हणायची. मग तिने त्यांना शिस्त लावली. दूध ओतून झालं की पिशवीत घोटभर पाणी घालायची, तोंड चिमटीत धरून खळाखळा हलवायची आणि ते पांढुरकं पाणी थेट चहाच्या आधणात. मग कडा कापून पिशवी उघडायची, धुवायची आणि मोरीच्या टाइलवर थापायची. ओली पिशवी टाइलला घट्ट चिकटते आणि वाळली की आपोआप गळून पडते. दुपारी सगळीकडे सामसूम असताना मोरीतून ‘टप’ असा आवाज आला, की आई झोपेतच म्हणायची, “वाळली.” गठ्ठा पुरेसा झाला की रद्दीवाला. त्याच्या तागडीवर तिची बारीक नजर असे.

पर्यावरण हा शब्द तिने कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. काही फुकट गेलेलं तिला बघवत नसे.

२०१८ साली सरकारने राज्यात प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट दिली, पण अट घातली: पिशवीवर किंमत छापा आणि किमान पन्नास पैसे देऊन ती परत घ्या. आठ आण्यांचं नाणं कायद्याने आजही चालतं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला एकदा विचारलं, “पिशवी परत घेणार का?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच पावशेर फरसाण घेऊन घरी आलो. तेही प्लास्टिकच्या पिशवीत.

तर काल मी पिशवी विसळून ते पाणी चहात घातलं. लहानपणी याच चहावरून मी आईशी भांडायचो. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, “आज सासूबाईंनी केलाय वाटतं.” चहा पांचट झाला होता. दोघांनीही संपवला.

जाळीतून काढलेले ते आठ कोपरे? ते मी त्याच दुपारी साबणाने स्वच्छ धुतले आणि वाटीत घालून खिडकीत वाळत ठेवले. पुढच्या पिशवीत भरून रद्दीवाल्याला द्यायचे असा बेत होता. संध्याकाळी पाहतो तर वाटी रिकामी. दुपारभर वारा सुटला होता.

खिडकीतून वाकून खाली पाहिलं. चौथ्या मजल्यावरून काही दिसत नाही.