चवथीनंतरचा राजीनामा

बुधवार, फोंडा

आज राजीनामा दिला. आधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगितलं, मग ईमेल पाठवला. कुंडईच्या या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये ज्यांनी मला व्हाउचर लावण्यापासून सगळं शिकवलं, त्यांना ही बातमी कॅन्टीनमधून कळणं मला मुळीच पटलं नसतं. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीपाशीही काल चकार शब्द काढला नाही.

वेर्ण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच हातात होतं. पण चवथीला अर्धा स्टाफ गावी जातो. तेव्हा नोटीस दिली असती तर काम सोपवायचं कोणाकडे? नव्या जागी कारण सांगून तारीख पुढे मागून घेतली, त्यांनी लगेच दिली.

साहेब थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, ‘‘पगाराचं बघूया गो बाय, थांब.’’ पोटात कालवलं. पगारवाढ रखडल्याचं मला वाईट वाटलंय, तेही त्यांना सांगितलं. पण मला आता निर्यातीचं काम शिकायचंय आणि ते इथे नाही. साहेबांनी ते समजून घेतलं. पत्रात मात्र यातलं काही आणलं नाही. शेवटचा दिवस, एक महिन्याची नोटीस आणि मनापासून आभार, एवढंच. पत्र फाइलला लागतं. तिथे रागाची एक ओळही नको.

संध्याकाळी हँडओव्हरची वही काढली. 7 तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर), 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), 15 ला पीएफ, 20 ला 3बी (जीएसटी भरायचं विवरणपत्र). हे कॅलेंडर कोणीही सांगेल. खरी माहिती त्याच्या पलीकडची असते: कोणता सप्लायर बिलावर जीएसटी नंबर चुकवतो, कोणत्या ट्रान्सपोर्टवाल्याला मालवाहतुकीचं ई-वे बिल झाल्याशिवाय गाडी हलवू नको म्हणून आदल्या दिवशीच बजावावं लागतं. हे सगळं माझ्याच डोक्यात आहे. ते तसंच घेऊन गेले तर मागून येणारीचे हाल होतील. म्हणून दर पानावर एकेका पार्टीचं नाव घालून सगळं लिहितेय.

पीएफ काढणार नाही, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करणार. बरेच जण नोकरी बदलली की पीएफ आणि पेन्शनचे पैसे दोन्ही काढून मोकळे व्हायचे आणि पेन्शनला लागणारी 10 वर्षांची सेवा तिथेच तुटायची. मला याची फार हळहळ वाटते. ग्रॅच्युइटीची 5 वर्षं भरलीत, तो अर्ज वेगळा द्यायचाय. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच मिळावा, असं एचआरला आजच लेखी कळवलं.

सोमवारी नवी मुलगी येतेय. या वेळचा जीएसटीआर-1 तिच्याच हातून भरून घ्यायचा. मी फक्त शेजारी बसणार.