तुम्ही विचारलंत म्हणून: सेंटर स्पीकर फ्रंटला लावू का?

होम थिएटरबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कुणाकडे जुन्या सेटमधला एक सेंटर, म्हणजे टीव्हीजवळ मध्ये ठेवायचा आडवा स्पीकर, पडून असतो आणि त्याचाच जोडीदार सेकंडहँड मिळत असतो. कुणाकडे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, ठेवायला जागा नसते, पण या बुटक्या पेट्या सहज मावतात. मग विचारतात, डाव्या-उजव्या बाजूला सेंटर स्पीकरच लावले तर चालेल का?

चालेल. फक्त ते आडवे ठेवू नका, उभे करा.

‘सेंटर’ हे जागेचं नाव आहे. सेंटर स्पीकर म्हणजे फक्त संवादापुरता अर्धा स्पीकर, असा एक समज आहे. तो मनातून काढून टाका. सिनेमाचा जवळजवळ सगळा संवाद आणि शिवाय बराचसा आवाज मधल्याच चॅनलमधून येतो, त्यामुळे तो स्पीकर पुरता सक्षम असावाच लागतो. पेटी आडवी का, तर टीव्हीच्या खाली किंवा वर मावावी म्हणून. आवाजाच्या दृष्टीने आडवं असण्यात काहीच फायदा नाही, उलट तोटाच आहे. तो मी स्वतः अनुभवला आहे.

माझ्याकडे दोन सारखे सेंटर होते, मध्ये एक ट्वीटर (बारीक, उंच आवाजांचा) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड, खालच्या आवाजांचा) असलेले. टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर मी ते आडवेच ठेवले, तोंड सरळ समोर. तेव्हा मध्ये वेगळा स्पीकर नव्हता, संवाद या दोघांतूनच यायचा. मी बरोबर मध्ये बसायचो आणि माणसांचे आवाज मला पोकळ वाटायचे, तोंडासमोर ओंजळ धरून बोलल्यासारखे. रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये मी बरेच दिवस घालवले. आईची खुर्ची डाव्या स्पीकरच्या समोर. ती म्हणायची, “मला तर स्पष्ट ऐकू येतंय की!” एकदा तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. खरंच स्पष्ट होतं. खोलीतली सगळ्यात चांगली समजली जाणारी जागाच बिघडली होती.

कारण साधं आहे. माझ्या पेटीत दोन वूफरच्या मध्यबिंदूंमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर अंतर होतं. मी मध्ये बसलो की प्रत्येक स्पीकरच्या सरळ रेषेपासून ३० अंश बाजूला असायचो. डाव्या-उजव्या स्पीकरचा कोन साधारण एवढाच ठेवतात. या कोनातून एक वूफर कानापासून दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर लांब पडतो. ११५० हर्ट्झच्या आसपास आवाजाची तरंगलांबी सुमारे ३० सेंटिमीटर असते, म्हणजे १५ सेंटिमीटर ही बरोबर अर्धी लांबी. एका वूफरची लाट वर असताना दुसऱ्याची खाली, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. माणसाचा आवाज उमटून येतो तो याच पट्ट्यात. आई सरळ समोर होती, तिच्यापर्यंत डावीकडच्या दोन्ही वूफरचा आवाज एकाच वेळी पोचत होता.

पेटी उभी केली की हे सगळं वर-खाली होतं. ट्वीटर कानाच्या उंचीला असेल, तर तुम्ही डावीकडे सरका की उजवीकडे, दोन्ही वूफर कानापासून सारख्याच अंतरावर राहतात. उठून उभे राहिलात तर फरक ऐकू येईल, पण सिनेमा उभ्याने कोण बघतं? १९८३ मध्ये स्पीकर-रचनाकार जोसेफ डॅपोलिटो यांनी वूफर-ट्वीटर-वूफर या रचनेचं गणित मांडलं ते उभ्याच पेटीसाठी, आणि आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. म्हणजे सेंटर उभा करणं हा जुगाड नाही, ती पेटी मूळ जागी येते.

उभं करणं शक्यच नसेल तर निदान दोघांची तोंडं आत, तुमच्याकडे वळवा. एकटे बघत असाल तर तेवढ्याने भागेल. चार जण बसणार असतील तर नाही.

आता अपवाद, आणि तो महत्त्वाचा आहे. जाळी काढून आत बघा. मध्ये छोटा मिडरेंज (मधल्या सुरांचा) आणि त्याच्या बरोबर वर ट्वीटर, बाजूंना दोन वूफर, अशी थ्री-वे, म्हणजे आवाज तीन भागांत वाटून घेणारी पेटी असेल तर ती आडवीच राहू द्या. तिथे वूफरचं काम खूप खाली, काहीशे हर्ट्झवर संपतं. त्या लाटा लांब असतात, म्हणून वर सांगितलेला त्रास फारसा होत नाही. उलट अशी पेटी उभी केलीत तर मिडरेंज आणि ट्वीटर शेजारी-शेजारी येतील आणि नसलेला दोष तयार होईल. ट्वीटरला आयताकृती हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखं तोंड, असेल तरी थांबा: हॉर्नचा आवाज रुंदीला जास्त आणि उंचीला कमी पसरावा अशी रचना असते. पेटी उभी केली की तोही फिरतो आणि आवाज उलट उंचीलाच जास्त पसरतो. काही पेट्यांत हॉर्न सुटा करून फिरवता येतो, तेवढं तपासा.

सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर, नसेल तर मात्र मी नको म्हणेन. या पेट्या लहान, त्यांचा बेस लवकर संपतो, आणि गाणी ऐकताना ते लगेच जाणवतं. सबवूफर असेल तर रिसीव्हरमध्ये फ्रंटला ‘स्मॉल’ करा, म्हणजे खालचा बेस सबवूफरकडे जाईल, आणि क्रॉसओव्हर (ही वाटणी जिथे होते तो आकडा) ८० हर्ट्झपासून सुरू करून बघा. उभी पेटी अरुंद बुडावर डुगडुगते, खाली रबराचे पाय चिकटवा.

पुढे मी तसाच तिसरा सेंटर मध्ये लावला. खरा आनंद तेव्हा मिळाला. गाडी डावीकडून उजवीकडे गेली तरी इंजिनाचा पोत कुठेच बदलत नाही. चित्रपटगृहात पडद्यामागचे तिन्ही स्पीकर एकसारखे असतात ते याचसाठी. टॉवर फ्रंट आणि मध्ये भलत्याच जातीचा सेंटर, यापेक्षा मी तीन सारखे सेंटर कधीही पसंत करेन.

माझा मधला मात्र टीव्हीखाली उभा मावत नाही, तो आडवाच आहे. त्याच्यापायी आईची खुर्ची आम्ही दोन वीत आत सरकवली.