रोमचा ऑरेलियन तट पायी: पिरॅमिडपासून पोर्ता देल पोपोलोपर्यंत

रोमच्या ऑरेलियन तटाच्या कडेने एकट्याने पायी फेरी पूर्ण करण्याचे जे काम मी हाती घेतले आहे, त्यातील टायबर नदीच्या डाव्या तीरावरचा भाग आता संपला असून, पलीकडच्या तीरावर जाण्यापूर्वी त्याची नोंद करून ठेवत आहे. इ. स. २७१ मध्ये, जर्मानिक टोळ्या उत्तर इटलीत शिरल्यामुळे धास्तावलेल्या राजधानीसाठी सम्राट ऑरेलियनने हा तट बांधायला घेतला. त्याची मूळ लांबी सुमारे १९ किलोमीटर असून त्यातील १२ किलोमीटरहून अधिक आजही उभा आहे. भिंतीची जाडी साधारण साडेतीन मीटर आहे आणि दर शंभर रोमन फुटांवर, म्हणजे सुमारे ३० मीटरवर, एक चौकोनी बुरूज येतो. सैन्य सीमांवर गुंतलेले असल्यामुळे काम शहरातील बांधकाम करणाऱ्यांच्या संघांकडे आले, आणि घाई इतकी होती की मार्गात आलेली जी इमारत उभ्या उभ्या वापरता येईल ती तटातच सामावून घेण्यात आली. हे सांधे शोधत जाणे हाच या फेरीचा खरा आनंद आहे, आणि ते बसच्या खिडकीतून दिसत नाहीत.

चालण्याची पद्धत आरंभीच ठरवून घेतली होती. तट डाव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेने, बाहेरून चालायचे आणि जेथे रस्ता असेल तेथे तोच तुकडा आतून पुन्हा पाहायचा. बाहेरून बुरूज आणि निरनिराळ्या शतकांतील डागडुजी कळते. आतून मात्र सम्राट होनोरियसच्या काळात, पाचव्या शतकाच्या आरंभी, उंची जवळजवळ दुप्पट करताना जुन्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालण्याच्या वाटेवर, चढवलेली कमानींची आच्छादित वाट दिसते. एकच बाजू पाहून परतणाऱ्याला निम्माच तट कळतो, असे माझे मत झाले आहे.

आरंभ केला तो पिरामिदे मेट्रो स्थानकापासून. तेथील पिरॅमिड म्हणजे गायुस सेस्टियस या रोमन गृहस्थाची संगमरवरी कबर. ती इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीची असून ३३० दिवसांत पूर्ण झाल्याचे तिच्यावरील लेखातच म्हटले आहे. सुमारे ३६ मीटर उंचीचा हा आयता बुरूज मिळाल्यावर तो सोडून देणे कोणत्याही घाईतल्या बांधकाम करणाऱ्याला परवडले नसते. तटाची वीट पिरॅमिडच्या संगमरवराला जेथे भिडते, तेथे दोन बांधकामांमधील जवळपास तीन शतकांचे अंतर अगदी उघड दिसते. शेजारच्या पोर्ता सान पाओलो या दरवाजापाशी (पोर्ता म्हणजे दरवाजा) सप्टेंबर १९४३ मध्ये इटालियन सैनिक आणि नागरिक जर्मन सैन्याशी लढले होते. त्याच्या स्मृतिपाट्या तेथे आहेत.

पोर्ता आर्देआतीनापासून पोर्ता मेत्रोनियापर्यंतचा दक्षिणेकडील तुकडा हा संपूर्ण फेरीतील सर्वांत संपन्न आहे, आणि ज्याच्या हाताशी एकच सकाळ असेल त्याने बाकी सर्व सोडून तेवढाच चालावा. आधी सोळाव्या शतकात पोप तिसऱ्या पॉलसाठी आंतोनियो दा सांगाल्लोने बांधलेला तोफांच्या काळातला बुरूज लागतो. त्याच्या उताराच्या भिंती आणि रोमन काळाचे सरळ उभे बुरूज एकाच नजरेत येत असल्यामुळे, तोफ आल्यावर दुर्गरचना का बदलावी लागली हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यापुढे पोर्ता सान सेबास्तियानो, म्हणजे जुना पोर्ता आप्पिया, येतो. खालचा भाग पांढऱ्या संगमरवराचा आणि वर विटांचे उंच बुरूज असलेल्या या दरवाजात तटाचे संग्रहालय असून तेथून काही शे मीटर फांजीवरून चालता येते. जंग्यांमधून, म्हणजे मारा करण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या भोकांमधून, बाहेर पाहिल्यावर आप्पिया या प्राचीन रोमन मार्गावरून येणारा माणूस किती दुरून टप्प्यात येत असे, याचा अंदाज बांधता येतो. दरवाजाच्या आतल्या भिंतीवर १३२७ मध्ये कोरलेली देवदूताची आकृती आहे. नेपल्सचा राजा रॉबर्ट याच्या सैन्याला रोमकरांनी परतवून लावल्याची ती आठवण होय. ती ठळक नाही, म्हणून बुजुर्ग गाइडच्या मागे धावणारे गट तिच्यावरून सरळ पुढे निघून जातात. एकटे असले की अशा रेषांसमोर हवा तेवढा वेळ थांबता येते.

पोर्ता लातीना ओलांडल्यावर भिंतीलगत हिरवळीचा पट्टा आहे आणि बुरुजांची रांग न तुटता चालू राहते. येथे आठव्या-नवव्या शतकातील एका हस्तलिखितात जतन झालेली मोजणी हटकून आठवते: ३८३ बुरूज, ७,०२० चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते), ५ दिंडी दरवाजे आणि ११६ शौचकूप. आपल्याकडील किल्ल्यांवर तटातले शौचकूप हौसेने शोधणाऱ्यांना या शेवटच्या आकड्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही.

पोर्ता सान जोव्हान्नीच्या परिसरात वाहनांची गर्दी फार असल्यामुळे तो भाग मी भरभर उरकला. मात्र त्याच्या बाजूलाच आजच्या रस्त्याच्या पातळीखाली असलेला पोर्ता आसिनारिया चुकवू नये. ५४६ मध्ये पहाऱ्यावरच्या इसॉरियन (आशिया मायनरमधील) सैनिकांनी फितुरी केल्यामुळे गॉथ राजा तोतिला याच दरवाजातून शहरात शिरला. त्यानंतरच्या आंफितेआत्रुम कास्त्रेन्सेच्या कमानी बुजवून लंबवर्तुळाकार रंगमंडळ तटाचा भाग करण्यात आले आहे, आणि विटांतून घडवलेले त्याचे अर्धस्तंभ बाहेरच्या रस्त्यावरून स्पष्ट दिसतात.

पोर्ता मज्जोरे मुळात दरवाजा नव्हताच. सम्राट क्लॉडियसने इ. स. ५२ मध्ये पूर्ण केलेल्या दोन जलवाहिन्या रस्त्यावरून नेण्यासाठी बांधलेल्या या भव्य कमानी ऑरेलियनने तटात घेतल्या, आणि वरच्या पडद्यासारख्या भिंतीतून पाण्याचे एकावर एक असे दोन मार्ग आजही पाहता येतात. बाहेरच्या बाजूस एउरिसासेस या पाववाल्याची कबर आहे. तिच्यावरील शिल्पपट्टीत पीठ मळण्यापासून भट्टीपर्यंतची कामे दाखवली आहेत. दरवाजाच्या नंतरच्या बुरुजांत ती गाडली गेली होती आणि १८३८ मध्ये ते पाडल्यावर उजेडात आली. ट्रामच्या रुळांनी हा चौक चारी बाजूंनी वेढला असल्यामुळे आधी एका जागी उभे राहून सारे पाहून घ्यावे आणि मगच रस्ता ओलांडावा.

पुढे कास्त्रा प्रेतोरिया, म्हणजे सम्राट टायबेरियसच्या काळात उभारलेली प्रेटोरियन सैनिकांची, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाची, छावणी, तटाच्या बाहेर चौकटीसारखी पुढे आलेली आहे. मूळची बुटकी भिंत उंच करताना तिच्या चर्या तशाच ठेवून वर बांधकाम चढवल्यामुळे, काही ठिकाणी त्या जुन्या चर्यांचे आकार भरीव भिंतीत ओळखता येतात. पहिल्या फेरीत ते नजरेत भरत नाहीत. तिरका प्रकाश असताना, शक्यतो सकाळी लवकर किंवा सायंकाळी, तेथे जावे.

पोर्ता पियाची शहराकडची बाजू मायकेलअँजेलोच्या आराखड्याची आहे. पण तटाच्या इतिहासात त्याहून महत्त्वाचे आहे ते दरवाजाच्या पश्चिमेस २० सप्टेंबर १८७० रोजी इटालियन तोफांनी पाडलेले खिंडार, कारण तेथे पोपच्या राजसत्तेचा आणि या तटाच्या लष्करी उपयोगाचाही एकदमच शेवट झाला. पोर्ता पिन्चानाच्या पुढे पिन्चो टेकडीचा जुना आधारकट्टा, म्हणजे झुकलेला मूरो तोर्तो, तटात सामावलेला आहे. गॉथांच्या ५३७ च्या वेढ्याच्या वेळी बायझंटाइन सेनापती बेलिसारियस तो दुरुस्त करू पाहत होता, परंतु या तुकड्याचे रक्षण संत पीटर स्वतः करील, असे म्हणून रोमकरांनी त्याला अडवले आणि शत्रूने तेथे हल्ला केलाच नाही, अशी हकिकत त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याने नोंदवली आहे. त्याच्या पायथ्याशी आज वेगाने वाहने धावणारा रस्ता आहे. पायी जाणाऱ्यांनी वरच्या बागेतून जावे, म्हणजे पोर्ता देल पोपोलोपर्यंतचा शेवटचा भाग निवांत पार पडतो.

पाण्याची चिंता कोठेही पडली नाही, कारण रस्तोरस्ती नासोने नावाचे सतत वाहणारे नळ आहेत आणि बाटली भरून घेता येते. सावली मात्र फार कमी आहे, आणि फरसबंदीवर पातळ तळव्याचे बूट चालत नाहीत.

आता उरला आहे तो नदीकाठचा आणि त्रास्तेव्हेरेचा, म्हणजे पलीकडच्या तीरावरच्या वस्तीचा, भाग. १८७० च्या डिसेंबरातील महापुरानंतर बांधलेल्या नदीच्या धक्क्यांमुळे काठावरचा तट गेला, आणि यानिकुलम टेकडीवर १६४० च्या दशकातील पोप आठव्या उर्बनच्या भिंतीने जुन्या रेषेची जागा घेतली. म्हणून पुढील टप्प्यात भिंतीपेक्षा तिच्या रेषेचाच माग काढावा लागणार असून, १४९८ मध्ये पुन्हा बांधलेल्या पोर्ता सेत्तिमियानापासून आरंभ करण्याचे ठरवले आहे.