केंटकीतला पूर्वज ओढ्यावरून शोधावा

आज पुन्हा १७९०च्या दशकातल्या, अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या कर-याद्या. त्या काळी तिथे वस्तीला गेलेल्या माणसाचा माग इथूनच सुरू करावा लागतो, कारण १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांचे केंटकीचे कागद उरलेले नाहीत. १८१०ची जनगणना मिळते, पण तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं.

कर-यादीत माणूस जवळजवळ दर वर्षी भेटतो. २१ वर्षांवरचे गोरे पुरुष, १६ ते २१चे मुलगे, गुलाम, घोडे, एकर, जमिनीचा दर्जा आणि ती कोणत्या ओढ्यावर आहे, असे रकाने. यातला ओढ्याचा रकाना सगळ्यांत मोलाचा. एकाच नावाचे दोघंतिघं एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) सर्रास सापडतात, आणि काउंट्याही सारख्या फुटत होत्या: १७८०मध्ये ३, १७९२मध्ये राज्य झालं तेव्हा ९. माणूस जागचा हललेला नसतो, तरी त्याची नोंद दुसऱ्याच काउंटीत जाते. म्हणून नावाबरोबर ओढा आणि एकर जुळवायचे. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यावर, तेवढ्याच एकरांपुढे बाईचं नाव दिसलं, तर तो बहुधा वारला; लगेच वारसनोंदी काढाव्यात.

मग जमिनीचे कागद. राज्य होईपर्यंत केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होता. व्हर्जिनियाच्या १७७९च्या कायद्यानुसार १ जानेवारी १७७८पूर्वी वस्ती केलेल्याला ४०० एकर, शिवाय लगतच्या १,००० एकरांवर खरेदीचा पहिला हक्क. टप्पे चार: वॉरंट (मोजणीचा परवाना), एंट्री (जागेवरच्या दाव्याची नोंद), सर्व्हे (मोजणी), ग्रँट (मालकीची सनद). बरेच जण फक्त ग्रँट बघून थांबतात, याचं वाईट वाटतं. सर्व्हेवर मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावं असतात, आणि ते पुष्कळदा भाऊ किंवा जावई निघतात.

सरकारने आधी मोजणी केलेली नव्हती, त्यामुळे एकाच जमिनीवर दोनतीन दावे चढले. केंटकीत वस्ती वसवणारा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून, त्याचे दावेही असेच गेले. १७९९मध्ये तो मिसूरीला गेला. पूर्वज अचानक नाहीसा झाला, तर कोर्टातले जमिनीचे तंटे चाळावेत. तिथल्या जबान्यांत शेजारी कोण कधी आला, झोपडी कुठे होती, सगळं सांगतात.

चतुःसीमा कागदावर उतरवताना माप पोलमध्ये घ्यायचं. १ पोल साडेसोळा फूट. २ पोल म्हणजे ३३ फूट, आपल्या गुंठ्याची बाजू. १:२४,०००च्या नकाशावर १ इंचात साधारण १२१ पोल बसतात. दिशा होकायंत्राच्या आहेत, नकाशाच्या खऱ्या उत्तरेवरून घेतलेल्या नाहीत, तेव्हा आकृती थोडी फिरवून ओढ्याच्या वळणावर बसवावी. शेवटची रेघ सुरुवातीच्या खुणेच्या झाडापाशी, म्हणजे बहुधा एखाद्या व्हाइट ओकपाशी, मिळाली नाही, तर आधी नकलेत एखादी बाजू गळली आहे का ते पाहावं.