तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्हीकडून पैसे मिळाले का?

लातूरला आले की कुणीतरी विचारतंच, नवरा जर्मनीत, बाळंतपण इथं, मग दोन्हीकडून पैसे मिळाले असतील की! मावशीनं तर थेट आकडाच विचारला. नाही ओ मावशी, पासपोर्ट बघून कुणी पैसे देत नाही, तुम्ही राहता कुठं अन् पगार कोण देतंय ते बघतात.

गोष्ट 2022 ची. मी पुण्याच्या कंपनीत, नवरा स्टुटगार्टला, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच हा आईचा हट्ट. आपल्याकडं पहिल्या दोन लेकरांना 26 आठवडे पगारी रजा असते, 2017 च्या आधी 12 च होती. पण डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यात त्याच कंपनीत 80 दिवस काम झालेलं लागतं, आणि मी तर मार्चमध्येच नोकरी बदललेली, जुन्या कंपनीचे दिवस धरतच नाहीत. आई इकडं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारत बसायची. जूनच्या शेवटी तिचा फोन आला, "झाले बाई ऐंशी, आता ये निघून."

रजेतला पगार मिळाला, पण त्यावर टीडीएस कापून. लोकांना वाटतं ही सरकारी मदत, टॅक्स कामून? अहो, कंपनीनं दिलेला तो पगारच आहे, फॉर्म 16 मध्ये बाकीच्या पगाराबरोबरच येतो.

आणि जर्मनीचं म्हणाल तर तोवर शून्य. तिथं लेकरामागं महिन्याला किंडरगेल्ड देतात, 2023 मध्ये 250 युरो होतं, पण लेकरू लातूरच्या पाळण्यात असल्यावर कसलं किंडरगेल्ड! उलट बायको भारतात म्हणून नवऱ्याला टॅक्स क्लास एक, म्हणजे सड्या माणसाचा, कापणी जास्त. लग्न झालंय हे पटवायला मी तिथं जाऊन राहायला पाहिजे होते.

जायला उशीर झाला तो आमच्याच हौसेनं. बाप आल्यावरच बारसं करायचं ठरलं, जन्माची नोंद 21 दिवसात केली पण दाखल्यावर नावाची जागा रिकामी, मग ते नाव टाकून घेईपर्यंत पासपोर्ट अडकला. शेवटी फेब्रुवारीत पोचलो, पत्ता नोंदवला, किंडरगेल्ड त्या महिन्यापासून सुरू, आधीचं काही मिळालं नाही.

मग नवऱ्यानं लेकरासाठी दोन महिने सुट्टी घेतली. त्या सुट्टीत सरकार पैसे देतं, त्याला एल्टर्नगेल्ड म्हणतात, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 टक्के, पण महिन्याला 1800 युरोच्या वर नाही, अन् त्यावर टॅक्स नाही.

हे ऐकून मावशी म्हणायली, "म्हणजे तुला बाळंतपणात टॅक्स अन् जावयाला घरी बसायचे फुकट पैसे?" अगदी तसंही नाही, ते पैसे धरून बाकीच्या पगाराचा टॅक्सचा दर वाढवतात, रिटर्न भरताना आम्हाला वरून भरावे लागले. पण मावशीला मी एवढं सांगितलं नाही, तिला जावयावर हसायचं होतं, हसू दिलं.